बाई एसएमपीएस उघडतात

खोली पाहायला गेले तेव्हा बाईंनी मला गाव विचारलं नाही, आडनाव विचारलं नाही, लग्न कधी करणार हेही विचारलं नाही. दारातच उभं करून म्हणाल्या, "काम कायचं करतेस?"

"आर्किटेक्टच्या ऑफिसात आहे, रामदासपेठेत. कॉम्प्युटरवर इमारतींची चित्रं बनवते. आता घरूनच करायचं म्हणतात."

"म्हणजे कॉम्प्युटर मोठा असन."

"हो, मोठा आहे."

"एसएमपीएस कोणता आहे त्यात?"

हा शब्द मी तोवर फक्त दुकानदाराच्या तोंडून ऐकला होता. कॉम्प्युटरच्या पेटीत मागच्या बाजूला एक लोखंडी डबा असतो, त्याला पंखा असतो, भिंतीतली वीज आधी त्या डब्यात जाते आणि तिथून बाकी सगळ्यांना वाटली जाते, एवढंच मला माहीत होतं. डब्यावरच्या कागदावर जे लिहिलं होतं ते मी सांगितलं. "पाचशे वॅटचा."

बाई हसल्या. त्या हसत फार कमी, त्यामुळे ते हसू मला चांगलंच लक्षात राहिलं. "बाहेरून सगळेच पाचशे वॅटचे असतात," त्या म्हणाल्या. "खोली तुले दिली. पन कॉम्प्युटरचा प्लग मी उघडून पाह्यल्याबिगर लावाचा नाही."

हुडकेश्वरच्या पार टोकाला, जिथं प्लॉटांचं ले-आउट संपून तुरीची शेतं लागायची तिथं बाईंचं घर होतं. बाई वीजनिर्मितीतल्या इंजिनीअर. नोकरीची शेवटची वर्षं मौद्याच्या वीजकेंद्रात काढून निवृत्त झालेल्या. लग्न केलं नव्हतं. वस्तीत त्यांना सगळे इंजिनीअर बाई म्हणत. काही प्रेमानं, काही वैतागून, आणि बरेच जण दोन्ही मिळून.

माझं सामान आलं त्याच दिवशी त्यांनी जेवणाच्या टेबलावर जुनी चादर अंथरली, माझ्या कॉम्प्युटरची पेटी आडवी केली, एसएमपीएस बाहेर काढला आणि त्याचे चार स्क्रू काढून झाकण उचललं. मी बोट पुढं केलं तर हातावर चापट बसली.

"यात करंट जमा होऊन राहते. प्लग काढला म्हणजे तो मेला असं समजू नको." त्यांच्याकडे एक बल्ब होता, होल्डरला दोन वायरी जोडलेला. त्या वायरी त्यांनी आतल्या दोन जाड नळकांड्यांच्या पायांना टेकवल्या. बल्ब क्षणभर पेटला आणि विझला. "आता पाह्य."

मग त्या उठल्या आणि बैठकीतल्या शोकेसमधून दुसरा एक डबा घेऊन आल्या. लोकांच्या शोकेसमध्ये काचेचे मोर असतात, ताजमहाल असतो. बाईंच्या शोकेसमध्ये झाकण काढलेले एसएमपीएस होते, ओळीनं, आतली बाजू पाहुण्यांकडे करून. त्यातला हा एका सरकारी कचेरीच्या भंगारातून आणलेला, जुना, धुळकट. तो त्यांनी माझ्या चकचकीत डब्याशेजारी ठेवला.

"दोन्हीवर किती लिहिलं आहे?"

"याच्यावर तीनशे. माझ्यावर पाचशे."

"आता आत पाह्य अन् सांग, कोण कोणापेक्षा मोठा."

मला विजेतलं काही कळत नव्हतं. पण ते पाहायला काही कळावं लागत नव्हतं. जुन्या डब्यात बोट घालायला जागा नव्हती. ॲल्युमिनियमच्या जाड पट्ट्या, तांब्याच्या गुंडाळ्या, मधोमध पिवळ्या टेपचा गुबगुबीत ट्रान्सफॉर्मर. माझ्या डब्यात पत्र्याएवढ्या पातळ पट्ट्या होत्या आणि ट्रान्सफॉर्मर आवळ्याएवढा. बाकी सगळी मोकळी जागा. हिरव्या पाटीवर पांढऱ्या शाईनं भागांची नावं छापली होती, त्यांच्यासाठी भोकं पाडलेली होती, पण भाग बसवलेलेच नव्हते. एके ठिकाणी दोन भोकांमध्ये नुसतीच तार टाकली होती.

"इथं करंट साफ करनारा फिल्टर पाह्यजे," बाई म्हणाल्या. "घरावर पाटी लावली आहे अन् आत कोणी राहतच नाही. तू रातभर इमारतीचे चित्रं काढशीन यावर? मी झोपू कशी वरच्या मजल्यावर?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला स्कूटीवर बसवून बर्डीच्या बाजारात नेलं, त्यांच्या धाकट्या भावाच्या दुकानात.

भावाबद्दल थोडं सांगायला हवं. आई गेली तेव्हा तो शाळेत होता आणि बाई इंजिनीअरिंगला. बाईंनी स्वतःचं कॉलेज आणि त्याचा डबा, दोन्ही एका हातानं सांभाळलं. पुढं त्याला अभ्यासात गोडी नाही हे दिसल्यावर त्यांनी आरडाओरडा केला नाही. यंत्रांची आवड आहे ना, मग यंत्रं विक, म्हणाल्या. त्याचं कॉम्प्युटरचं दुकान चांगलं चालत होतं. माणूस गोड बोलणारा, उंच, बहिणीच्या अगदी उलट. दर रविवारी तो बायकोला घेऊन जेवायला यायचा आणि शोकेससमोर उभा राहून दरवेळी म्हणायचा, "ताई, लोकं बाहुल्या ठेवतात. तू मुडदे ठेवून राहिली."

त्या दिवशी दुकानात त्यानं तीन-चार बंद खोकी पुढं ठेवली. बाईंनी एकेक हातात घेऊन तोलली. पर्समधून भाजीवाल्यांकडे असतो तसला छोटा हुकाचा काटा काढला आणि खोकी लटकवून पाहिली. मला नवल वाटलं. "उघडत नाही का?"

"सील तुटलं तं कंपनी वापस घेत नाही," भाऊ घाईनं म्हणाला.

"हव," बाई म्हणाल्या. "इथं मी वजनावर जातो. तांबं अन् ॲल्युमिनियम भरलं असन तं वजन येतेच. ज्याच्यात काही नाही तो हलका लागते." त्यांनी सगळ्यात जड खोकं माझ्या हातात दिलं. "हे घे."

बाहेरच्या कुठल्याही दुकानात त्यांनी असं चालवून घेतलं नसतं. भावाच्या दुकानात सील न तोडण्याची सवलत त्यांनी कधीतरी दिली होती आणि ती पाळत होत्या. वजनाचा हा नियम मग त्यांनी वस्तीभर सांगितला. लोकांनाही तो आवडला, कारण सोपा होता. कॉलेजात जाणारी पोरं नवा कॉम्प्युटर घ्यायच्या आधी बाईंकडून काटा मागून नेऊ लागली.

उघडून पाहण्याची त्यांची सवय फक्त विजेपुरती नव्हती. कुणी सांबारवडी आणली तर त्या आधी मधोमध कापायच्या, आत कोथिंबीर किती आणि नुसतं बेसन किती ते पाहायच्या, आणि मगच खायच्या. दोन दुकानांच्या वड्या कापून ताटात शेजारी शेजारी मांडलेल्या मी पाहिल्या आहेत. उन्हाळा लागायच्या आधी सगळ्या भाडेकरूंच्या खोल्यांत जाऊन त्या कूलरचं अर्थिंग तपासायच्या. तपासणी झाल्याशिवाय कुणी कूलर चालू केला तर खाली येऊन मेन स्विचच पाडायच्या. एका नातेवाइकाच्या लग्नात डीजेच्या गाडीमागं उघडा जोड दिसला म्हणून त्यांनी डीजेवाल्याला ऐन वरातीत गाणं बंद करायला लावलं होतं. नवरदेवाचा बाप हात जोडून म्हणाला, "बाई, पाच मिनिटांचा प्रश्न आहे." बाई म्हणाल्या, "पाच मिनिटांचाच आहे. टेप आना." टेप आला, जोड झाकला गेला, मग वरात हलली. त्या घरानं पुढं कितीतरी दिवस त्यांना बोलावलं नाही. त्याचं त्यांना वाईट वाटलं का, हे मी एकदा विचारलं.

"वाटलं ना वं. काहून नाही वाटणार? जेवण चांगलं होतं त्यांच्याकडचं."

गोड बोलणं त्यांना जमायचं नाही. माझं एक काम साहेबांनी परत पाठवलं, मी रडत बसले होते, तेव्हा त्यांनी चित्र पाहिलं आणि म्हणाल्या, "जिना कुठं आहे? माणसं वर कशी जातीन?" जिना खरंच अरुंद होता. तो रुंद केल्यावर काम पास झालं.

आमच्या वस्तीतल्या विहाराला लागून एक अभ्यासिका होती. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुलंमुली तिथं दिवसभर बसत. बहुतेकांच्या घरी दोन खोल्या आणि सहा माणसं, त्यामुळे अभ्यासाला तीच एक जागा. आता परीक्षाच कॉम्प्युटरवर होतात, आणि सरावाला कॉम्प्युटर नाही. म्हणून समितीनं वर्गणी गोळा करून बारा कॉम्प्युटर घ्यायचं ठरवलं. बाई समितीत होत्या. त्यांच्या भावानं नफा न घेता सगळा माल देतो म्हणून सांगितलं. पेट्या जुन्या पण चांगल्या, एसएमपीएस सगळे नवे, सीलबंद. बाईंनी बाराच्या बारा खोकी काट्याला लावून पाहिली आणि समितीच्या बैठकीत सांगितलं, "माल चांगला आहे. माझी जबाबदारी." उद्घाटनाचा दिवस ठरला. नगरसेवक येणार होते. अध्यक्षांनी, म्हणजे समितीतल्या एका निवृत्त मुख्याध्यापकांनी, पत्रिकाही छापून घेतल्या.

उद्घाटनाला दोन दिवस राहिले असताना, दुपारी, माझा कॉम्प्युटर बसला. मे महिना होता. बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. एकदा टक् असा आवाज आला, जळका वास सुटला आणि पडदा काळा झाला. मी बाईंना हाक मारली. त्या चादर घेऊनच आल्या.

हा भावाच्या दुकानातून आणलेला, त्यांनीच निवडून दिलेला एसएमपीएस होता. त्याच्या गॅरंटीची मुदत संपली होती, आता सीलचं बंधन नव्हतं. त्यांनी झाकण काढलं, बल्ब लावून आतला करंट उतरवला आणि चष्मा डोळ्यांवर चढवून आत पाहिलं.

आतला माल माझ्या पहिल्या डब्यासारखाच होता. त्याच पातळ पट्ट्या, तोच आवळा, तीच रिकामी भोकं. पण झाकणाला आतून एक चौकोनी डबी घट्ट बसवलेली होती, काळ्या टेपमध्ये गुंडाळलेली. तिच्यातून दोन वायरी निघाल्या होत्या.

"ही कॉइल पाह्यजे," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "लोखंडावर गुंडाळलेलं तांबं. जड असते ते." मग त्यांनी त्या दोन वायरींचा माग घेतला. दोन्ही पाटीवर एकाच जागी जोडलेल्या होत्या. एकातून निघून दुसऱ्यातून परत, कुठंही न जाता.

त्या उठल्या, हातोडी घेऊन आल्या, डबी उंबऱ्यावर ठेवली आणि एक ठोका मारला. डबी फुटली. आतून करड्या रंगाचा भुगा सांडला. बाईंनी तो चिमटीत घेतला, बोटांनी चोळला.

"रेती-सिमेंट आहे वं," त्या म्हणाल्या. "घर बांधाचं सामान भरलं यात."

मला आधी हसूच आलं. बाईंच्या तोंडाकडे पाहिलं आणि ते गेलं. त्यांचा काटा, त्यांचा नियम, वस्तीभर सांगितलेलं ते सोपं शहाणपण. कुणीतरी कारखान्यात बसून नेमकं त्याच्यासाठीच हे सिमेंट भरलं होतं. लोक वजन पाहतात ना, मग वजन घ्या.

"विहारातले बारा," मी म्हणाले.

"हव. तोच डबा आहे. तेच नाव." त्या भुग्याकडे पाहत उभ्या राहिल्या. "अन् मी सांगितलं, माझी जबाबदारी."

त्याच उन्हात आम्ही बर्डीला गेलो. भाऊ एका गिऱ्हाइकाशी बोलत होता. ते जाईपर्यंत बाई थांबल्या, मग काउंटरवर ती फुटकी डबी ठेवली. भावानं पाहिलं. त्याचा चेहरा पडला, तो खोटा नव्हता. त्याला खरंच माहीत नव्हतं, हे मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं.

"मी तं खोकं घेतो अन् खोकं देतो, ताई," तो म्हणाला. "सगळं मार्केट तेच करते."

"विहारातले वापस घे."

"घेतो ना. पन परवाचं होऊन जाऊ दे. नगरसेवक येऊन राहिले, पत्रिका वाटल्या. एक दिवस चालले तं काय आग लागते का? मंग एकेक करून मी चुपचाप बदलून देतो."

"अन् तुझ्या दुकानात हे बाकीचे आहेत, त्यायचं?"

त्यानं काउंटरवरची डबी बाजूला सरकवली.

"एक फोड माझ्यासमोर. पाहू दे."

"फोडू नाही शकत. सील तोडलं तं होलसेलवाला हात वर करते. सगळा माल माझ्या उरावर. ताई, तू रिटायर झाली आहे. मले उद्या शटर उघडाचं आहे."

"उघडून वीक ना मंग. गिऱ्हाइकासमोर झाकण काढून दाखव."

"कोण घेते उघडलेला माल?" आता त्याचा आवाज चढला. "तू आपल्या घरी बसून मुडदे फाडते. दुकान नाही चालत त्यानं!"

शेजारच्या दुकानातले लोक पाहायला लागले. बाईंनी फुटकी डबी उचलून पर्समध्ये टाकली. मग म्हणाल्या, "ते कॉम्प्युटर चालू होनार नाहीत. मी लोकांयले सांगीन."

"माझं नाव घेशीन?"

"नाही घेत. चुकी माझी आहे, मी पास केले."

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी संध्याकाळी त्या विहारात गेल्या. अध्यक्षांना सगळं समजावलं. अध्यक्ष सज्जन होते, पण त्यांचीही अडचण होती. "बाई, फीत कापून होऊ द्या. पाच मिनिटं चालू करू, पाहुणे गेले की बंद. मी स्वतः उभा राहतो."

"बारा एकदम चालू होतीन, भर मेच्या गर्मीत, लाकडी टेबलावर, खोलीत पन्नास लोकं," बाई म्हणाल्या. "नाही."

"मग काय करायचं? पाहुण्यांना नाही म्हणायचं?"

बाई आत गेल्या आणि एकेका कॉम्प्युटरची प्लगची वायर काढून भाजीच्या थैलीत भरली. थैली खांद्याला लावून बाहेर आल्या, अध्यक्षांना जयभीम घातला आणि घरी आल्या. मी त्या रात्री त्यांच्याकडेच जेवले. थैली जेवणाच्या टेबलाखाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी वंदना झाली, हारतुरे झाले. भाऊ पहिल्या रांगेत होता, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात, बायको शेजारी. त्याच्या मनात काय होतं कोण जाणे. कदाचित शेवटच्या क्षणी बहीण गप्प बसेल असं वाटत असावं. अभ्यासिकेच्या दाराला लाल फीत होती. नगरसेवकांनी कात्री हातात घेतली तेव्हा बाई माईकजवळ गेल्या. कुणी बोलावलं नव्हतं.

"फीत कापा," त्या म्हणाल्या. "खोली चांगली झाली आहे. पन कॉम्प्युटर आज चालू होनार नाहीत. त्यायच्यात जे एसएमपीएस लावले ते पास मी केले होते. काट्यावर वजन करून पास केले. उघडून पाह्यले नाही. आत तांब्याच्या जागी सिमेंट निघालं. तुमी माझ्या शब्दावर वर्गणी दिली. माझा शब्द चुकला. ज्यायले मी वजन पाहून घ्या म्हणून सांगितलं, त्यायले बी मी चुकीचं सांगितलं. चांगले एसएमपीएस मी आणून देईन. तोवर वायरी माझ्याजवळ राहतीन."

एवढंच. त्या खाली येऊन बसल्या. लोकांना आधी काही कळलंच नाही, मग कुजबुज सुरू झाली, आणि कुजबुजीतली सगळी तोंडं पहिल्या रांगेकडे वळली. नाव घेतलं नव्हतं, पण माल कुणी दिला हे माहीत नसलेला माणूस त्या मांडवात नव्हता. नगरसेवकांनी फीत कापली, दोन शब्द बोलले, चहा न घेता गेले. भाऊ उठला, बहिणीसमोरून गेला आणि थांबला नाही. फक्त त्याची बायको क्षणभर थांबली.

"ताई, नाव नाही घेतलं तं काय झालं?" ती म्हणाली. "घेतल्यासारखंच झालं."

बाई म्हणाल्या, "हव. मले माहीत आहे."

पुढच्या रविवारी भाऊ आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. बाईंनी फोन केला तर तो उचलायचा नाही. बायको उचलायची आणि सगळे बरे आहेत म्हणून सांगायची. बाईंनी तिसऱ्या-चौथ्या फोननंतर तेही थांबवलं. त्यांच्या वागण्यात फरक दिसत नव्हता. फक्त शोकेस त्यांनी कधी नव्हे ती भिंतीकडे तोंड करून फिरवली आणि विचारल्यावर धूळ लागते म्हणाल्या.

विहारातल्या कॉम्प्युटरचं त्यांनी दुसऱ्याच दिवशी हातात घेतलं. कचेऱ्यांचं भंगार लिलावात घेणारे दोन-तीन लोक त्यांच्या ओळखीचे होते. त्यांच्याकडून त्या जुने, जड, धुळीनं भरलेले एसएमपीएस आणत, आणि आता काटा नाही, प्रत्येक डबा तिथंच उघडत. अंगणात एका फळीवर त्यांनी गाडीच्या हेडलाइटचे बल्ब ओळीनं बसवले होते. एसएमपीएस त्या बल्बांना जोडायचा, सगळे पेटवायचे आणि मीटर लावून पाहत बसायचं. बल्ब भर दुपारीही डोळे दिपवायचे. जो डबा तासभर तापूनही डगमगला नाही तो उजवीकडे. ज्याच्या पोटातली नळकांडी फुगली होती त्याची नळकांडी बदलायची आणि पुन्हा फळीला लावायचा. बरेच डावीकडे जात. ओला टॉवेल डोक्यावर टाकून बाई त्या उन्हात बसून राहायच्या. मी सावलीतून म्हणायचे, आता पुरे. त्या म्हणायच्या, "कॉम्प्युटर तं याच्यापेक्षा जास्त गर्मीत चालनार आहे."

अभ्यासिकेतली एक मुलगी, पोलीस भरतीची तयारी करणारी, एके दिवशी अंगणात येऊन उभी राहिली. बारीक, पण आवाज खणखणीत. "बाई, आमची परीक्षा जवळ येऊन राहिली. बाकीच्या क्लासमधली पोरं रोज टेस्ट देऊन राहिली. तुमच्या हट्टापायी आमचा महिना गेला."

मला वाटलं बाई चिडतील. त्यांनी मीटर खाली ठेवला.

"हव. गेला," त्या म्हणाल्या. "तो मी वापस नाही देऊ शकत. दोन तयार आहेत, आज नेऊन लावतो. आधी तू बस."

त्या संध्याकाळी दोन कॉम्प्युटर चालू झाले. मग चार. पावसाळा संपता संपता सहा. मुलांनी पाळ्या लावून घेतल्या. उरलेल्या सहा वायरी थैलीतच होत्या, आणि समितीत दर बैठकीला कुणीतरी थैलीचा विषय काढायचंच. बाजारातला नवा, बंद खोक्यातला माल घ्यायला बाई तयार नव्हत्या आणि उघडून दाखवायला कुठलाच दुकानदार तयार नव्हता. बर्डीतल्या बऱ्याच दुकानांतून त्यांना परत पाठवलं होतं. एका ठिकाणी तर त्यांना पाहूनच मालकानं माल संपला म्हणून सांगितलं.

मला पुण्याला नोकरी लागली. निघायच्या दिवशी सकाळी माझं सामान बैठकीत आणून ठेवलं होतं, ऑटो यायचा होता. फाटक वाजलं. मला वाटलं ऑटोवाला. दारात भाऊ होता. वाळला होता जरा. हातात पुठ्ठ्याचं खोकं.

बाई स्वयंपाकघरातून आल्या, त्याला पाहिलं आणि पदराला हात पुसत तिथंच उभ्या राहिल्या. मग तो टेबलापाशी गेला, खोक्यातून दोन एसएमपीएस काढले आणि शेजारी शेजारी ठेवले. दोन वेगळ्या कंपन्यांचे, नवे. दोन्हीची झाकणं काढलेली होती. स्क्रू त्यानं कागदाच्या पुड्यांत बांधून आणले होते.

"सील तोडलं," तो टेबलाकडे पाहत म्हणाला. "जुन्या मालातला एक दुकानातच फोडला होता त्या दिवशी, तू गेल्यावर. सिमेंटच होतं. मंग सगळेच फोडले. होलसेलवाल्याशी भांडलो, तो ऐकत नाही." रिकामं खोकं बाजूला सारून म्हणाला, "आता त्याच्याकडून घेत नाही. हे दोन नवीन पार्टीचे आहेत. कोणता ठेवू दुकानात?"

बाईंनी चष्मा घातला. एका डब्यात डोकावल्या, मग दुसऱ्यात. पुन्हा पहिल्यात. भाऊ हाताची घडी घालून उभा होता, पण त्याचा अंगठा सारखा हलत होता. लहानपणी प्रगतिपुस्तक दाखवताना तो असाच उभा राहत असेल, असं मला वाटून गेलं.

"दोन्ही नको," बाई म्हणाल्या.

"काहून?"

"हा तं सोडूनच दे. पट्टी पाह्य कशी आहे, कागदासारखी."

"अन् हा? फिल्टर आहे ना यात. मी पाह्यलं, एकही जागा खाली नाही. ट्रान्सफॉर्मर पाह्य केवढा आहे."

"आहे. तार बारीक आहे."

"बारीक नाही आहे, ताई. अठरा गेजची आहे, लिहिलं आहे त्यावर."

"लिहिलेलं सांगू नको मले. सोलून आतलं तांबं पाह्यलं का?"

बाईंनी खुर्ची सरकवून शेजारी जागा केली. त्यानं क्षणभर पाहिलं आणि बसला. बाईंनी चाकू त्याच्याकडे सरकवला. "सोल."

ऑटो आला. मी सामान चढवलं आणि निरोप घ्यायला पुन्हा दारात गेले. दोघांची डोकी एका डब्यावर वाकलेली होती. बाईंनी वर पाहिलं, उठल्या, माझ्या पाठीवरून हात फिरवला. "पोचली की फोन कर वं. अन् तिथं गेल्यावर आधी अर्थिंग पाह्य." मग मागं वळून भावाला म्हणाल्या, "तू जेवून जाशीन."

"दुकान उघडाचं आहे."

"उघडजो. जेवून उघड."

पायातले बूट काढून त्यानं खुर्चीखाली सरकवले.

ऑटोवाल्यानं गाडी वळवली. खिडकी उघडी होती, त्यामुळे रस्त्यापर्यंत त्यांचा आवाज येत होता. भाऊ म्हणत होता, ही तार एकदम बराबर आहे, तूच जास्त पाहून राहिली. बाई म्हणत होत्या, बराबर नाही, अजून एक सोल. इतक्या महिन्यांनी ते दोघं बोलत होते आणि पहिल्याच बोलण्यात भांडत होते. कोपऱ्यावर वळेपर्यंत मी ऐकत होते. बाईंचा आवाज भावापेक्षा मोठा होता.